खुटबावच्या घोडीचे नियम

शिस्त लावायला जाऊ नये. कुणालाही. हे मी नागरिकशास्त्राचा शिक्षक असून सांगतोय, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच बघा. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटीला बांधलेला वीस मार्कांचा विषय. त्याच्या शिक्षकाला परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा कुणी विचारत नाही. तरी मी तो आयुष्यभर मन लावून शिकवला, आणि दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एकदाच शाळेबाहेर आणायला गेलो. तेव्हापासून मी पाण्यात उतरलेलो नाही. अंघोळीपुरतं पाणी लागतं तेवढंच.

आमच्या खुटबावच्या शिवारात कालव्याला एक पायरी आहे. वरून आलेलं पाणी तिथं पुरुषभर खाली आपटतं आणि पुढं जायचं सोडून पुन्हा उसळून उभं राहतं. त्या उसळीला आम्ही घोडी म्हणतो. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथं पडायचं, पायरीवरून खाली सुटायचं आणि घोडीच्या पाठीवर नेमकं बसायचं. जमलं, तर खालून पाणी धावत असतं आणि आपण मात्र जागच्या जागी, वरखाली होत. नाही जमलं, तर नाकातोंडात पाणी आणि केडगावच्या दिशेनं प्रस्थान. धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की तेवढे दिवस ही मजा. एरवी घोडी नसतेच. पायरीखाली बाभळीचा पाला आणि लोकांची शेरडं.

ही घोडी आमची होती. आमची म्हणजे माझी आणि लालमहंमदची. लालमहंमदचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. पहिलीत आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हापासून तो मला योहान्या म्हणतो. सगळा तालुका मला उजगरे सर म्हणतो, माझी बायको दबोरासुद्धा चारचौघांत 'सर आलेत' म्हणते. योहान्या म्हणणारा माणूस जगात एकच. ट्यूब त्याची. तो उजवीकडं, मी डावीकडं. आता दोघांचीही पोटं सुटलेली, त्यामुळे एकटा बसला की ट्यूब उलटते, दोघं बसलो की सरळ राहते. आवर्तनाचे ते दिवस मी कुणाचाच सर नसायचो. वर्षभर त्या दिवसांची वाट बघायचो, हे आत्ता कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग कारेगावला कळलं. तिकडं कंपन्या आल्या, कंपन्यांत पोरं आली, पोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या. त्यांना गुरुवारची सुट्टी. एका गुरुवारी आम्ही दोघं ट्यूब घेऊन गेलो, तर काठावर ही जत्रा! भांडगावची पोरं, दौंडची रेल्वेतली पोरं, आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं आलेली कारेगावची फौज. त्यांचा म्होरक्या झिशान. हा कंपनीत मशिनं पॅक करायचा, आणि तिथला जाडजूड थर्माकोल घेऊन आला होता, दरवाजाएवढा. त्यावर हा चक्क उभा राहायचा! घोडीवर उभा! आम्ही तीस-पस्तीस वर्षं पालथे पडत आलो, उभं राहायचं आम्हाला सुचलं नाही, याचा मला त्या क्षणी फार राग आला.

उभं राहतोस तर राहा बाबा. पण दुसरा बसलाय हे बघशील की नाही? आम्ही घोडीवर नुकते टेकलो होतो. वरून झिशान आला, त्याच्यामागं दौंडचे दोघे, त्यांच्यामागं कोण कुणास ठाऊक. थर्माकोलचा कोपरा माझ्या कमरेला अडकला. मी खाली, ट्यूब वर, आणि मी जेव्हा पाण्यातून डोकं काढलं तेव्हा माझी चड्डी थर्माकोलच्या कोपऱ्याला लटकून केडगावकडं निघाली होती. काठावर नववी 'ब' बसली होती. अख्खी. मुलगे होते फक्त, एवढीच देवाची कृपा.

"सॉरी अंकल," झिशान ओरडला. "आप बीच में आ गये!"

मी बीच में आलो! अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी बीच में आहे! पण कमरेइतक्या पाण्यात बसून माणूस किती बाणेदारपणे बोलणार? लालमहंमदनं टॉवेल आणून दिला. तो हसत होता. त्याला म्हटलं, हसू नकोस. तर म्हणाला, "योहान्या, पाणी हाय ते. पाण्यात असं व्हायचंच. उद्या पहाटं येऊ, कुणी नसतंय."

मी तसं केलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण माझ्यातला नागरिक जागा झाला होता.

घरी आल्यावर मी दबोराला म्हणालो, "समाजाला नियम नाहीत म्हणून हे होतं."

"नाडी घट्ट बांधली नाही म्हणून होतं," दबोरा म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी नियम लिहिले. घोडीवर एका वेळी एकच माणूस. जो आधी आला तो आधी. बसलेल्याच्या अंगावर येऊ नये. पडलेल्यानं काठाकाठानं परत यावं. साधे, सरळ, कुठल्याही सुसंस्कृत देशात चालतील असे. लालमहंमदला दुकानात जाऊन वाचून दाखवले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"एकच मानूस? मग आपलं दोघांचं कसं?"

"आपली गोष्ट वेगळी आहे."

"मग तसं लिही की."

"नियमात असं लिहीत नसतात रे."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा बुडबुडे बघायला लागला.

आता नियम म्हटले की फलक आला आणि फलक म्हटला की परवानगी. ग्रामपंचायतीत गेलो, तर म्हणाले कालवा खात्याचा, आमचा काय संबंध. खात्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब आधी दौऱ्यावर होते, मग जेवायला गेले होते, आणि सापडले तेव्हा म्हणाले, "पाणी आमचं. भराव आमचा. पायरी आमची. पण ही लाट म्हणता ती आमच्या नकाशात नाही. जे नाही त्याला परवानगी कशी देणार?" मी म्हटलं, साहेब, ती आहे, मी तिच्यावर बसतो. तसे ते सावध झाले. "म्हणजे तुम्ही शासकीय कालव्यात उतरता?" मी तिथून जो निघालो तो थेट पेंटरकडं. पेंटरनं 'बसलेल्याच्या अंगावर येऊ नये' ऐवजी नुसतं 'येऊ नये' लिहिलं. जागा पुरली नाही म्हणे.

फलक लागला त्या दिवशी निम्म्या गावानं तो वाचला आणि पाणीवाटप कमिटीचे चेअरमन खंडू आप्पा बुलेटवरून खाली उतरले. आप्पा बागायतदार. त्यांच्या अंगणात मोर आहेत. कुठल्याही विषयावर ते शेवटी बोलतात आणि त्यानंतर कुणी बोलत नाही.

"सर, काम झ्याक केलं," आप्पा म्हणाले. मला बरं वाटलं. मूर्ख मी! "पर ह्ये 'आधी आला तो आधी' म्हंजी काय? ही काय शिनिमाची रांग हाय? तसं असतं तर हेडच्या लोकांनीच सगळं पानी पिलं असतं. टेलच्यानं काय करायचं?"

मी म्हटलं, आप्पा, हे पिकाचं पाणी नाही, ही मजा आहे.

"पानी त्येच हाय का न्हाई? मग वाटप बी त्येच. आमाला पाळी कशी लावायची ते शिकवू नका सर. बापजाद्यापासून पाळ्याच लावतुय."

आणि मारुतीच्या पारावर बसून त्यांनी एका संध्याकाळात घोडीचं वाटप करून टाकलं. आमच्याकडं रानाला पाणी शेजपाळीनं मिळतं. टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटापासून सुरुवात, वर सरकत तोंडाशी, हेडपर्यंत, ज्याचं जेवढं भिजायचं रान तेवढा वेळ पाणी त्याचं. तीच तऱ्हा घोडीला लागली. बागायत जास्त त्याला घोडी जास्त. आप्पांचा वाटा अर्ध्या सकाळचा. आप्पांना पोहता येत नाही. ते काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि समोर रिकामी घोडी उसळत असायची. आसपास ही गर्दी, ऊन मी म्हणतंय, पोरं घामानं निथळतायत, आणि कुणाची टाप नाही पाण्यात पाय घालायची, कारण पाळी आप्पांची चालू! एक गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेले होते. त्यांची पाळी आली तेव्हा आम्ही सगळे शांत बसून ती वाया जाताना बघत होतो. वाया गेली तर हरकत नाही, दुसऱ्यानं घेता कामा नये, हा मूळ सिद्धांत.

भाऊबंदकीही आली. दोन सख्खे भाऊ वडिलांच्या घोडीची वाटणी मागत आले. एकानं वरचं पाणी घ्यावं आणि एकानं खालचं, असा तोडगा निघाला. म्हणजे एकानं पडायचं आणि दुसऱ्यानं वाहत जायचं. झिशान आणि कंपनीची पोरं हुशार. ती बागायतदारांची पाव्हणी झाली. गुरुवारी वडापावची पिशवी घेऊन यायची आणि कुणाच्या तरी पाळीवर दिवसभर उभी राहायची. पाव्हण्याला पाळी देता येते, तशी रीतच आहे.

आता माझा प्रश्न. आमचं घर मिशनच्या जागेत. रान नाही. कधीच नव्हतं. लालमहंमदचं फाट्यावरचं दुकान, तेही पत्र्याचं.

"बिनरानाचं काय, आप्पा?" मी विचारलं.

"उरल्या पान्यात."

"उरतं कधी?"

आप्पा हसले. "सर, तुमाला पाळी कशाला? तुमी तर आमचे पंच!" आणि त्यांनी माझ्या गळ्यात शिट्टी घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नववी 'ब' नं जास्त वाजवल्या. आता इतक्या लोकांसमोर मिळालेला मान नाही कसा म्हणणार? चड्डी गेली होती, निदान शिट्टी आली.

दबोरा म्हणाली, "म्हणजे तुम्ही उन्हात उभं राहायचं, आणि पाण्यात जायचं ते लोकांनी?"

मी म्हटलं, तुला सार्वजनिक जीवन कळत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लालमहंमद ट्यूब खांद्यावर टाकून आला. काठावर माणसं होती, खुर्चीत आप्पा होते. तो नेहमीसारखा सरळ पायरीकडं निघाला. मला म्हणाला, "चल की योहान्या." सगळे माझ्याकडं बघायला लागले. पंच काय करतोय ते बघत होते. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? पंचानं दोस्ताला सोडलं असतं तर नियमाला काय अर्थ राहिला असता? मी शिट्टी वाजवली. तो थांबला. त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला वाजवली, म्हणून मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"लालमहंमद, तुझी पाळी नाही," मी म्हटलं.

"बरं सर," तो म्हणाला.

सर! मला वाटलं थट्टा करतोय. पण तो ट्यूब घेऊन गेला आणि पुढं मी दुकानात गेलो तेव्हाही "या सर, बसा सर" चाललं होतं. बसायला खोकं पुसून दिलं. पहिलीपासूनच्या दोस्तानं मला खोकं पुसून दिलं. मला फार वाईट वाटलं. पण मी पंच होतो, वाईट वाटलं असं म्हणता येत नव्हतं. म्हणून चहा पिऊन आलो.

यातून वाट काढली सिंधूबाईनं. या म्हातारीचं कालव्याच्या टेलला वीतभर रान. त्यात मेथी आणि कोथिंबीर. रानाच्या हिशेबानं तिच्या वाट्याला घोडीची एक छोटी पाळी आली होती, आवर्तनाच्या शेवटच्या दुपारी. ती लालमहंमदच्या दुकानासमोरच भाजी घेऊन बसायची. मी तिथं होतो तेव्हाच तिनं विषय काढला.

"मला काय करायचीय घोडी? ह्या वयात मी काय पान्यात उड्या मारू? लालू, तू जा माझ्या पाळीवर. सरांस्नी बी ने. दोघं ल्हानपनापासनं जाताय, मी बघतीय की. आन् तोंडं कशापायी पाडून बसलाय दोघं?"

"मावशी, नियम एका माणसाचा आहे," मी म्हटलं.

"आगं बाई! कुनी केला असला नियम?"

लालमहंमद टायर लोखंडी पट्टीनं उचकटत होता, तो जरा जास्तच जोरात उचकटायला लागला.

शेवटची दुपार आली. त्या संध्याकाळी पाणी बंद होणार, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे काठावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सिंधूबाई पाटी घेऊन आली आणि पंचाला, म्हणजे मला, ठणकावून म्हणाली, "माझी पाळी. माझा पाव्हना लालमहंमद." मी मान हलवली. तो ट्यूब घेऊन पाण्यात उतरला. एकटाच. त्याची ट्यूब उजवीकडं कलली, घोडीवर टेकली आणि उलटली. तो काठाकाठानं परत आला, नियमाप्रमाणे. पुन्हा गेला. पुन्हा उलटली. लोक हसले. झिशान ओरडला, "चाचा, बॅलन्स!" लालमहंमद पायरीच्या वर छातीइतक्या पाण्यात उभा राहिला, ट्यूबची डावी बाजू मोकळी, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "योहान्या, ये की रे."

मग मी नाही थांबलो. शिट्टी गळ्यातून काढून आप्पांच्या रिकाम्या खुर्चीवर टाकली, शर्ट काढला, नाडी दोनदा आवळली आणि उतरलो. आम्ही डावे-उजवे झालो, सुटलो, आपटलो, आणि घोडीनं आम्हाला अलगद वर घेतलं. काय सांगू! ट्यूब तसूभर हलली नाही. खालून सगळं पाणी पळत होतं आणि आम्ही दोघं म्हातारे तिथल्या तिथं, तोंडावर तुषार, लालमहंमद खदाखदा हसतोय आणि मीही. त्यानं मला शिवी दिली. किती दिवसांनी दिली! मला इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण कालव्यात ते कुणाला दिसणार.

शिट्टी वाजली. आप्पांनी ती खुर्चीवरून उचलली होती. ते जीव खाऊन फुंकत होते.

आम्हाला काठावर घेतलं. चारी बाजूंनी माणसं. मी ओल्या चड्डीत, आणि समोर नववी 'ब'.

"नियम पयला काय हाय?" आप्पांनी विचारलं.

नववी 'ब' एका सुरात म्हणाली, "घोडीवर एका वेळी एकच माणूस!" वर्गात त्यांना मूलभूत हक्कसुद्धा इतके पाठ नव्हते.

"सर, ह्यो नियम कुनाचा?"

"माझा."

"मग मोडला कुनी?"

इथं मी जे बोललो ते संपूर्णपणे वस्तुस्थितीला धरून होतं, हे आधी सांगतो. कुणीही पंच हेच बोलला असता. मी म्हणालो, "हे पाहा आप्पा. पाळी लालमहंमदची होती. ट्यूब लालमहंमदची. मी काठावर माझं काम करत उभा होतो. त्यानं बोलावलं म्हणून मी गेलो." खोटं आहे का यातलं एक अक्षर? बोलावलं होतंच की त्यानं! सगळ्यांनी ऐकलं होतं.

लालमहंमदनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. मग तो आप्पांना म्हणाला, "व्हय आप्पा. मीच बोलावलं. चुकी माझी हाय. सरांची न्हाई."

सिंधूबाई मध्ये पडली. "आरं, माझी पाळी, मी म्हनलं दोघं जावा! मला इचारा की!" तिला कुणी विचारलं नाही. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बघा मंडळी. चुकला तर चुकलो म्हनतोय. असा मानूस पायजे पंचाला. सर शिकलेले हायती, त्येंच्याजवळ कारनं लई." आणि शिट्टी लालमहंमदच्या गळ्यात घातली. मला वाटलं तो नाही म्हणेल. हसून काढून टाकेल, आप्पांच्या हातात परत देईल. त्यानं ती ओल्या छातीवर नीट सरळ केली आणि ट्यूब उचलून चालता झाला.

पुढच्या आवर्तनाला मी मुद्दाम पहाटेचा गेलो. फटफटलं होतं. मला वाटलं, या वेळी कुणी नसेल; आलाच तर लालमहंमद असेल, दोघंच असू, काय असेल ते बोलून टाकू. मनात सगळं जुळवून नेलं होतं. काठावर तो एकटाच बसला होता. ट्यूब नव्हती आणलेली. खाली घोडी रिकामी उसळत होती.

"कुणाची पाळी?" मी विचारलं.

"आप्पांच्या व्याह्यांची. ते लोनीला असत्यात."

"म्हणजे मोकळीच आहे की."

"व्हय सर. मोकळीच हाय."

मग मी चपला काढल्या आणि पहिल्या दगडावरून एक पाय पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं गार होतं. दुसरा पाय उचलणार, तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

मी पाय बाहेर काढला, चपला हातात घेतल्या आणि बांधावरून घरी आलो. खरं सांगायचं तर शिट्टी त्याला माझ्यापेक्षा चांगली वाजवता येते.